आधी चुंबक, मग चिंधी
(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज आम्ही जुन्या मोटारीच्या चकाकीबद्दल बोलणार आहोत. ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांनीही रेडिओ बंद करू नका, न्हाणीघरातल्या नळापर्यंत हा विषय येणार आहे.

आमचा सात जणींचा बचत गट आहे. लग्नसराईच्या आधी आम्ही जुन्या गाड्यांचा चकचकीत भाग उजळून देतो. वरातीला फियाट किंवा ॲम्बेसेडर हवी म्हणणारी मंडळी आता पुष्कळ आहेत. इंजिनाला आम्ही हात लावत नाही, रंगकामही आमचं नाही. आमचं काम म्हणजे बंपर, पुढची जाळी, दिव्यांभोवतीच्या कड्या, चाकांवरच्या वाट्या, दाराचे हँडल आणि अंगावरून जाणाऱ्या चमकत्या पट्ट्या. ऐकायला सोपं वाटतं. लोक तर म्हणतातच, "तुम्हा बायकांना घासायची सवयच आहे!"

हीच सवय इथे सगळ्यात जास्त नडते. चिंच, मीठ, राख, तारेची घासणी आणि खसाखसा हात, हे सगळं पितळेच्या पातेल्याला चालतं. गाडीच्या पट्टीवर हेच केलं तर पट्टी गेली. आणि गेलेली पट्टी सहज मिळत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघायची, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. ती बंद होऊन वीस वर्षांहून जास्त काळ झाला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ॲम्बेसेडरही २०१४ साली थांबली. आता भाग मिळतात ते मोडीतल्या गाडीवरून काढलेले, किंवा नव्याने केलेले पण नीट न बसणारे. म्हणून आहे ते जपायचं.

जपायचं म्हणजे आधी धातू ओळखायचा. लांबून सगळं एकसारखंच चमकतं, पण क्रोम आणि ॲल्युमिनियम यांचा स्वभाव अगदी उलटा आहे.

क्रोम समजायला कल्हई आठवा. पातेलं तांब्याचं, आत कथलाचा पातळ थर. वाळूने घासत बसलं की तांबं डोकावतं. बंपरचंही तसंच आहे. आत पोलाद, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. हा वरचा थर किती असतो? मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो आणि बंपरवरचा क्रोम बहुतेक वेळा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. तो कठीण असतो खरा, पण आहेच एवढासा. म्हणून क्रोमला "घासून उजळायचं" नसतंच. त्याच्यावरचा मळ काढायचा आणि थांबायचं. निळसर चमक जाऊन पिवळट झाक दिसायला लागली तर क्रोम संपला आणि खालचं निकेल दिसतंय असं समजावं. त्यापुढे एक हातही फिरवायचा नाही.

ॲल्युमिनियमचं उलट. ते बहुधा आतबाहेर एकच असतं, आपल्या तपेल्यासारखं. हवा लागली की त्यावर लगेच पातळ साय धरते, ती साठत जाते आणि पट्टी राखाडी, पांढरट दिसायला लागते. ही साय पॉलिशने निघते, चिंधी काळी कुळकुळीत होते आणि खालून चांदीसारखी चमक येते. पण ती काही महिन्यांची. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावं, नाहीतर पावसाळ्यानंतर फोन येतो.

यात एक पोटप्रकार आहे, तो फार फसवा. काही पट्ट्यांवर कारखान्यातच विजेच्या साहाय्याने ही साय मुद्दाम जाड आणि कठीण केलेली असते. त्याला ॲनोडाइझ म्हणतात. घरातली काळी हार्ड ॲनोडाइझ्ड कढई हे त्याचंच भावंड, फक्त गाडीच्या पट्टीवर हा थर पारदर्शक असतो. तो धड असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पुसणं एवढंच काम. तो जागोजागी उडाला असेल तर पॉलिशने फक्त उघड्या जागा चमकतात आणि पट्टी कोड फुटल्यासारखी दिसते. सगळा थर उतरवणं हे कारखान्याचं काम आहे. एका गाडीमालकाने घरीच कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पट्ट्या बुडवून ठेवल्या होत्या. थर उतरला, आणि त्याच्या मागोमाग धातूही. हात लावला तर वाळूच्या भिंतीसारखं लागत होतं. शिवाय ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो, तोही बंद गॅरेजात.

मग ओळखायचं कसं? आमच्या पिशवीत पहिली वस्तू चुंबक असते, मऊ फडक्यात गुंडाळलेलं, म्हणजे ओरखडा पडत नाही. चिकटलं तर बहुधा पोलादावरचा क्रोम. काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटतं, पण त्यावर तांबूस गंजाचे ठिपके सहसा नसतात. चिकटलं नाही आणि वस्तू हलकी असेल तर ॲल्युमिनियम. चिकटलं नाही पण हाताला वजनदार लागली, तर जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोम चढवलेला असतो. मिस्त्री त्याला मझॅक म्हणतात. दाराचे हँडल पुष्कळदा असे असतात. त्यांना घामोळ्यांसारखे फोड येतात आणि ते आतून आलेले असतात. घासून फोड जात नाहीत, फुटतात. तिथे नुसतं पुसायचं आणि गिऱ्हाइकाला खरं सांगायचं.

त्यानंतर मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर चण्याएवढं पॉलिश लावून बघतो. चिंधी लगेच काळी झाली तर उघडं ॲल्युमिनियम, स्वच्छ राहिली तर वर काहीतरी आवरण आहे. प्रत्येक भागाची परीक्षा वेगळी घ्यायची, कारण जुन्या गाडीवर पन्नास वर्षांत कुणी काय बदललंय याचा नेम नसतो. एका गाडीच्या चार वाट्या तीन प्रकारच्या निघाल्या होत्या.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी भरपूर पाणी आणि गाडीचा शाम्पू, कारण धुळीतले खडे फडक्याखाली आले की तेच ओरखडे काढतात. शेजारच्या रंगावर कागदी टेप लावून घ्यायची. क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके असतील तर त्याला स्वयंपाकघरातलाच उपाय आहे. पोळ्या गुंडाळायची फॉइल! तिचा बोळा करून पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ असते, त्यामुळे गंज सुटतो पण क्रोमला धक्का लागत नाही. तपकिरी पाणी लगेच पुसून घ्यायचं, धुऊन कोरडं करायचं आणि वर मेणाचा, म्हणजे वॅक्सचा हात. ठिपक्याच्या जागी बारीक छिद्र राहतं, ते भरून येत नाही. मेण त्यात पाणी जाऊ देत नाही, एवढंच.

उघड्या ॲल्युमिनियमला धातूचं पॉलिश थोडं थोडं घ्यायचं आणि हात पट्टीच्या लांबीच्या दिशेने चालवायचा. गोल गोल फिरवलं तर उन्हात कोळ्याची जाळी दिसते. चिंधी सारखी पालटायची. खोल ओरखडा असेल तरच पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, आधी हजार नंबर, मग पंधराशे, मग दोन हजार. हे काम सावकाश आहे, सात जणींत आमच्यातल्या दोघींचाच हात त्याला बसला आहे, आणि बाकीच्या पाच जणींनी तो हट्ट सोडून दिला आहे.

आता जिवाचं सांगतो. बफिंगचं मशीन वापरायचं असेल तर पदर आणि ओढणी दूर. आम्ही साडीवर पुरुषी शर्ट घालतो, बटणं लावून. मंगळसूत्र शर्टाच्या आत, केस बांधून टोपीत, बांगड्या आणि अंगठ्या काढून डब्यात. फिरत्या चाकात पदराचं टोक गेलं तर मशीन बंद करायलाही वेळ मिळत नाही. कुणी म्हणालं की सवाष्णीने बांगड्या काढू नयेत, तर आम्ही त्या बाईला मशीनवर बसवत नाही, हाताचं काम देतो. यावर वाद घालत नाही. नाकातोंडावर मास्क हवाच, ॲल्युमिनियमची धूळ छातीला बरी नाही, आणि ती साठली तर पेटही घेते.

दुसरं, चाकं उजळायचं पाणी म्हणून सुट्या बाटलीतून काहीतरी विकतात. बाटलीवर नाव नसेल तर हात लावू नका, घरी तर आणूच नका. अशा काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारशी आग होत नाही, म्हणून बाई तशीच काम करत राहते. काही तासांनी कळ उठते, तोवर ते आत उतरलेलं असतं. ते हाडापर्यंत जातं. अंगावर पडलंच तर दुखायची वाट न बघता भरपूर पाण्याने धुवायचं आणि बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठायचा.

बंपर नवा करून घेऊ, परत क्रोम चढवू, असं काही मालक सहज म्हणतात. चढवलेल्या क्रोमला पुसण्यात विष नाही, पण तो ज्या हौदात चढतो त्यातल्या क्रोमियमच्या वाफाऱ्याने तिथल्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडतात, फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे वैद्यकाला कधीचं माहीत आहे. जो बंपर फॉइलने आणि मेणाने पाच वर्षं निघू शकतो तो हौदात बुडवायला आम्ही तरी सांगत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. सुरुवातीला एका गॅरेजात आम्हाला झाडलोटीची मजुरी मिळायची आणि त्याच कामाचं गिऱ्हाइकाला "डिटेलिंग" नावाने वेगळं बिल जायचं. ते बिल आमच्यातल्या एकीने वाचलं. आता आम्ही काम घेण्याआधी कागद करतो. कुठला भाग कुठल्या धातूचा, त्याची आजची अवस्था काय, काय सुधारेल, काय सुधारणार नाही आणि किती तास लागतील. खाली मालकाची सही. नुसता बंपर दोघींना अर्धा दिवस घेतो. "एवढ्याशा पुसण्याचे इतके?" असं विचारलं की आम्ही चुंबक त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, "दादा, सांगा बघू ही पट्टी कशाची आहे." बहुतेक जण मग सही करतात. काही निघून जातात, त्यांना जाऊ देतो.

आता नळ. न्हाणीघरातला चकचकीत नळ म्हणजे बहुधा पितळेवर निकेल आणि क्रोम, म्हणजे बंपरचाच धाकटा भाऊ. संडास धुवायचं ॲसिड त्यावर उडालं तर क्रोम काळवंडतो, बाटली उघडी राहिली तर नुसत्या वाफेनेही. क्षाराचे पांढरे डाग पडले असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडकं भिजवा, पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, धुवा, पुसा. तारेची घासणी नको.

मागच्या आठवड्यात एका ताईंनी विचारलं होतं, बंपरला खोबरेल तेल लावलं तर? दोन दिवस छान दिसतं ताई, मग त्यावर धूळ बसून चिखल होतो. मेणच लावा, आणि मृगाच्या आधी लावा.