पिशवी काढायच्या आधी हाडांचं विचारा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



आजच्या सभेत माझा विषय 'हाडांचं आरोग्य' असा लिहिलाय. 'दूध प्या, तीळ खा' म्हणून पाच मिनिटांत खाली बसता आलं असतं. तेही सांगणार आहे, पण आधी जरा अवघड बोलते.

गटांची कर्जाची रजिस्टरं बघताना 'आजारपण' हे कारण वारंवार दिसतं. विचारलं की हळू आवाजात कळतं, पिशवीच्या ऑपरेशनला घेतले. वय विचारावं तर पस्तीस, अडतीस. 2019 साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक.

आता म्हणाल, पिशवीचा आणि हाडांचा काय संबंध? आहे. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बीजकोश असतात. पाळी चालवणारा जो रस ते तयार करतात, तोच आपली हाडंही धरून ठेवतो. एरवी पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास पाळी जाते, तो रस आटतो आणि पुढची पाच-सात वर्षं हाड भराभर झिजतं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हेच पस्तिशीत, एका दिवसात सुरू होतं. बीजकोश ठेवले तरी काही जणींत ते लवकर थकतात. पुढे पन्नाशीत मोरीत पाय घसरतो, हात टेकतो आणि मनगट मोडतं. तोवर काही दुखतही नाही, म्हणून कळत नाही.

ऑपरेशन कधीच करू नका, असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल तर करावंच लागतं, आणखीही काही आजारांत लागतं. पण अंगावरून पांढरं जाणं, पाळीत जास्त रक्त जाणं, यावर बऱ्याचदा औषधांनी इलाज होतो. 'कॅन्सर होईल' एवढ्या भीतीपोटी हो म्हणू नका. तपासणीचा कागद मागा. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आणि सरळ विचारा, 'बीजकोश ठेवणार का काढणार? काढणार तर का?' विचारायला लाज वाटली तर आशाताईला सोबत न्या. गटानेही कर्ज अडवू नये, पण देताना दुसरा सल्ला घेतला का एवढं विचारावं. हप्ते दोन वर्षांत फिटतील, हाडं तशी भरून येत नाहीत.

आता खाण्याचं. बाईला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर आणि अंगावर पाजताना 1200. ज्वारी-बाजरीच्या भाकरीतून ते फारसं मिळत नाही. दुधाच्या एका मोठ्या कपात साधारण 240 असतं. पण गटाच्या कर्जातून म्हैस घेतली आणि दूध सगळं डेअरीला, घरात चहापुरतं! (हसू नका, खरं आहे का नाही?) एक कप आपल्यासाठी काढून मगच किटली भरा. सालासकटच्या 100 ग्रॅम तिळात हजाराच्या वर कॅल्शियम असतं. भोगीला आपण भाकरीवर तीळ थापतो, ते एका दिवसापुरतं कशाला? भाजून, कुटून चटणी करा, रोज दोन चमचे. अख्खा तीळ तसाच पोटातून निघून जातो. राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला बांधावर फुकट आहे. नाचणी आपल्याकडे पिकत नाही, पण बाजारात मिळते. तिच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास.

हाड भरतं ते तिशीपर्यंतच, म्हणून मुलींच्या ताटात दूध-दही मुलाइतकंच पडलं पाहिजे. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घ्यायच्या. रक्तवाढीची लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

'आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?' हे मला नेहमी ऐकवतात. बरोबर आहे, कामाने हाड पक्कं होतं, पण पोटात काही असेल तर. शिलाई आणि पापडवाल्या ताईंनी मात्र रोज चालावं, दुपारच्या आधी थोडं ऊनही अंगावर घ्यावं. आणि मिश्री सोडा. तंबाखू दातांबरोबर हाडंही पोखरते, मग ती दाताला लावलेली का असेना.

ज्यांची पिशवी आधीच काढली आहे, त्यांनी घाबरू नका. पुढच्या सभेला ऑपरेशनची फाईल घेऊन या. बीजकोश काढलेत का ते आरोग्यसेविकेकडून वाचून घेऊ. ज्यांचे काढलेत, पाठीत बाक आलाय, उंची कमी झाल्यासारखी वाटते, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलंय, त्यांची यादी करून जिल्हा रुग्णालयात एकाच दिवशी तपासायला जाऊ. सीआरपी ताईंनी गटवार नावं मला सभेच्या आधी द्यावीत.