‘पाव’ म्हणजे किती?

मंडळी, आज आपण ‘पाव’ हा शब्द घेऊ. तो आपल्या घरातलाच आहे. पाव किलो तेल आण, पावशेर डाळ टाक, असे आपण रोज म्हणतो.

पाव म्हणजे चौथा हिस्सा. भाकरीचे चार सारखे तुकडे केले, की एका तुकड्याला आपण चतकोर म्हणतो. तोच पाव. हा शब्द संस्कृत ‘पाद’ शब्दावरून आला. पाद म्हणजे पाय. गाईचे पाय चार, त्यांतला एक तो पाव, असे ध्यानात ठेवा. चहात बुडवून खातो तो पाव मात्र निराळा, बरं का! तो शब्द पोर्तुगीजांकडून आला.

पावाला स्वतःचे वजन नाही. कशाचा पाव, ते आधी पाहावे लागते. जुना शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव सुमारे २३३ ग्रॅम. किलोचा पाव २५० ग्रॅम. १९६२ साली देशभर किलोची वजने सक्तीची झाली. शेर गेला, पण आपल्या तोंडातला पावशेर काही गेला नाही!

आम्ही नागपूरला जरीपटक्यात राहतो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली पुष्कळ कुटुंबे येथे वसली. बाजारात मराठी, हिंदी, सिंधी, सारेच कानी पडते. खेड्यातला माणूस तेथे बिचकतो. अहो, हिंदीतही पाव तो पावच. बोलीला भिऊ नका, आकडा वाचा. माल ठेवण्याआधी काट्यावर ०.००० हवे. मग ०.२५० दिसले, की पाव किलो भरले. बंद पुड्यावर २०० ग्रॅम छापले असेल, तर तो पाव नव्हे. असे पाच पुडे घेतले, तर एक अख्खा पाव घरी आलाच नाही.

पैशातही पाव आहे. पाऊण म्हणजे पाव उणा. पाऊणशे म्हणजे ७५. सव्वाशे म्हणजे १२५, शंभरावर पाव जास्त. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. आता ती चाल मोडली, याचे आम्हाला वाईट वाटते. असो.

पावणेदोनशे म्हणजे १७५. येथे शंभराचा पाव उणा, म्हणजे २५ कमी. पावणेदोन हजारांत हजाराचा पाव उणा, म्हणजे २५० कमी. ते झाले १७५०. मजुरी पावणेदोन हजार ठरली आणि कागदावर १५७० दिसले, तर सही करू नका. शांतपणे विचारा, “भाऊ, हे किती लिहिलंत?”