जरा सरकून घ्या

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना चौथी सीट ठाऊक असते. बाक तिघांनी भरलेला असतो. चौथा म्हणतो, ‘जरा सरकून घ्या’, आणि जागा होते.

विश्वासाचेही असेच आहे. आम्ही ख्रिस्ती माणसे रविवारी चर्चमध्ये देवावर भार टाकतो. सोमवारी घराचा हप्ता, मुलांची फी, साहेबांचा फोन यांनी बाक भरून जातो आणि देव दारात उभा राहतो.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक लहानपणी कल्याणला शिकले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची पगाराची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. भरवसा टिळकांचा होता. घर मात्र लक्ष्मीबाईंना चालवायचे होते. एकाच्या विश्वासासाठी घरातल्या दुसऱ्यालाही सरकावे लागते, हे आपण विसरतो. त्या माणसाला निदान आधी विचारावे.

आपल्याला नोकरी सोडायची नाही. गाडीत उभ्या उभ्या आजची एक काळजी देवाच्या हाती द्यावी. ठाण्याला उतरताना मात्र ती परत मागू नये.