फळ्यावरची नावं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘तू आफ्रिकेच्या साहित्यावर काय शिकलास ते पाच मिनिटांत सांग,’ असा संयोजकांचा आदेश आहे. आपल्या धुळे जिल्ह्यातला मुलगा आफ्रिकेच्या वाटेला कसा गेला, याचं तुमच्याइतकंच मलाही नवल वाटतं.

पुण्याला एम.ए.ला चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही १९५८ सालची कादंबरी अभ्यासाला होती. नायजेरियातल्या इग्बो गावाची ही गोष्ट. त्यातली माणसं बोलताना सारखी म्हणी वापरतात. मला आपले गावाकडचे आजोबाच आठवले. मग एम.फिल.ला हाच विषय घ्यायचं ठरवलं.

पहिलं प्रकरण लिहून मॅडमना दिलं. चौथ्या दिवशी परत आलं, तर पानं लाल शाईने भरलेली. जिथे जिथे मी ‘आफ्रिकन समाज’ असं लिहिलं होतं, तिथे तिथे त्यांनी विचारलं होतं : कोणता देश? कोणती भाषा? कोणतं साल? आणि निम्म्या परिच्छेदांसमोर एकच प्रश्न होता : ‘हे वाक्य कोणाचं?’

खरं सांगतो, ती वाक्यं माझी नव्हती. ग्रंथालयातल्या पुस्तकांतून उतरवून घेतली होती. आपण दहावीपर्यंत गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पैकीच्या पैकी गुण मिळायचे. ती चोरी आहे, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव लिहा. तुमचं असेल तर पुरावा द्या. दोन्ही नसेल तर खोडा.” खोडल्यावर चाळीस पानांची अकरा उरली.

त्या अकरा पानांपासून पुन्हा सुरुवात केली आणि केनियाचे न्गुगी वा थिओंगो वाचायला घेतले. २८ मे २०२५ रोजी ते गेले. १९७७ साली त्यांनी गिकुयू भाषेत नाटक लिहिलं, गावकऱ्यांनीच ते केलं. वर्षाअखेरीस सरकारने त्यांना अटक केली आणि खटला न चालवता सुमारे वर्षभर तुरुंगात ठेवलं. तिथे त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. पुढे १९८६च्या ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ या पुस्तकात त्यांनी आपल्या शाळेची हकीकत सांगितली आहे. शाळेत कोणी गिकुयू बोललं की त्याच्या हाती एक बटण द्यायचे. त्याने ते पुढच्या बोलणाऱ्याच्या हाती द्यायचं. संध्याकाळी शेवटचं बटण ज्याच्याकडे, त्याच्यापासून उलटं विचारत गेलं की दिवसभरातले सगळे गुन्हेगार सापडायचे. मग छड्या.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. कारण आपल्या वर्गात बटण नव्हतं, पण फळा होता. आणि सातवीचा मॉनिटर मी होतो.

आठवतंय ना? वर्गात अहिराणी बोलणाऱ्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. आपल्यातला एक जण एकदा म्हणाला, “सर, मनं पुस्तक घर ऱ्हाई गयं.” वर्ग हसला. मी त्याचं नाव लिहिलं. पुढे वर्षभर लिहीत राहिलो. त्याच वर्गात बहिणाबाईंच्या खानदेशी बोलीतल्या कविता आपण पाठ करत होतो, आणि गुण मिळवत होतो. घरी माझी आईसुद्धा अहिराणीच बोलायची.

त्या मित्राने नंतर वर्गात हात वर केल्याचं मला आठवत नाही. त्याची शाळा दहावीत सुटली. ती फळ्यामुळेच सुटली असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण नाव लिहिणारा हात माझा होता, याला पुरावा लागत नाही.

माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत या फळ्यावर एक परिच्छेद आहे. तेवढ्याच परिच्छेदापुढे मॅडमनी काही लिहिलं नाही.

तो मित्र आज सभागृहात आहे. त्याचं नाव पुन्हा सगळ्यांसमोर घेत नाही. सकाळी चहाच्या वेळी त्याची माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, “आते तरी अहिराणीमा बोल.” मी प्रयत्न केला. दोन वाक्यांनंतर अडखळलो. मग तोच मला शब्द सांगत गेला.

आपल्यातले बरेच जण आज शिक्षक आहेत, पालक तर सगळेच आहोत. दोनच विनंत्या करतो. मुलाने उत्तर लिहिलं की ‘हे वाक्य कोणाचं?’ असं प्रेमाने विचारा. आणि ते त्याच्या घरच्या बोलीत असेल, तर आधी पूर्ण ऐकून घ्या.