कढीलिंबावरची अळी आणि घरातील बालशिक्षण

लहान मुलांना सृष्टिज्ञान द्यावयाचे म्हटले की तक्ते, रंगीत पुस्तके आणि विकतची साधने यांची तजवीज करण्याकडे पालकांचे मन प्रथम धाव घेते. आणि त्याच सुमारास परसातल्या कढीलिंबाच्या कोवळ्या पानावर जेमतेम १ मिलिमीटर व्यासाचे, फिकट पिवळे, गोल असे एखादे अंडे कोणाचेही लक्ष वेधून न घेता चिकटलेले असते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा भोवतालच्या सहजप्राप्य वस्तूंनाच त्यांनी शिक्षणसाधनाचा मान दिला. तीच दृष्टी ठेवून, पावसाळ्याच्या या दिवसांत प्रत्येक घरी एक तरी अळी मुलांच्या हातून वाढविली जावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अळी कोणती निवडावी, याविषयी मात्र सावधगिरी जरूर आहे. केसाळ सुरवंट घरात आणू नये. त्याचे केस त्वचेत रुतून खाज सुटते व पुरळ उठते. रुईवरची पट्टेदार अळी मोठी देखणी खरी, परंतु रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने लहान मुलांच्या हाती ते झाड देणे उचित नव्हे. लिंबू, बेल, कढीलिंब या एकाच कुळातील झाडांवर वाढणारी फुलपाखरांची अळी सर्वथा निरुपद्रवी असते, आणि त्यांतही कढीलिंबाला काटे नसल्याने पाने तोडण्याचे काम मुलावर निर्धास्तपणे सोपविता येते. बंदोबस्त अगदी साधा आहे : रुंद तोंडाची काचेची बरणी, तोंडावर बांधलेले मलमलीचे फडके, तळाशी कागद आणि आत एक उभी काटकी. डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत ठेवावी, परंतु बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर अळी पाण्यात पडून मरते. बाजारातून आणलेल्या पाल्यावर औषध फवारलेले असण्याचा संभव असतो, म्हणून पाने घरच्या किंवा खात्रीच्या झाडाचीच घ्यावीत. रोज ताजी पाने देणे व तळाचा लेंड्यांनी भरलेला कागद बदलणे ही दोन्ही कामे मुलाचीच. त्यांत मोठ्यांनी घाईने हात घालू नये.

अंड्यातून ३-४ दिवसांनी निघालेली अळी आरंभी तपकिरी-पांढरी, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि या रूपामुळेच ती पक्ष्यांच्या दृष्टीतून निसटते. चार वेळा कात टाकल्यानंतर मात्र ती पानाशी एकरूप होणारी हिरवीगार होते. या वाढीची रोजनिशी मूल अक्षरओळखीवाचूनही ठेवू शकते. अळी स्वस्थ असताना तिच्या लांबीइतका दोरा कापून वहीत चिकटवावा, दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरा. सकाळी पानाची कड पेन्सिलीने कागदावर गिरवावी आणि संध्याकाळी उरलेले पान त्याच आकृतीवर ठेवून काय नाहीसे झाले ते रंगवावे. मोजमाप, तुलना व कालक्रम यांचे संस्कार इतक्या सहजतेने घडविणारे दुसरे साधन मला तरी ठाऊक नाही. कात टाकण्यापूर्वी अळी दिवसभर निश्चल बसते व अन्न सोडते; मूल कासावीस होऊन विचारू लागते, आणि नेमक्या याच वेळी पालकाची परीक्षा असते.

कारण पुढे काय होणार हे सांगून टाकण्याचा मोह आपणांस आवरत नाही. फुलपाखराचे चित्र आधीच दाखविले, की मूल अळीकडे पाहणे सोडून तिच्या शेवटाची वाट पाहू लागते. मुलाने विचारले तर उत्तराऐवजी प्रतिप्रश्न करावा : काल ती कोठे होती? तिने किती खाल्ले? तिचे पाय सगळे सारखे आहेत काय? पुढचे सहा टोकदार व मागचे मांसल, हा भेद चार वर्षांचे मूलही आपणहून शोधते. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे १६४७ साली जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियनने वयाच्या तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळून निरीक्षणास प्रारंभ केला. कीटक चिखलातून आपोआप उपजतात ही समजूत त्या काळी विद्वानांतही दृढ होती, आणि पुढे सुरिनामचा प्रवास करून १७०५ साली तिने जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात कीटकांची रूपांतरे त्यांच्या अन्नवनस्पतींसह चितारली आहेत. तिच्या त्या विद्वत्तेचे मूळ एका मुलीने घरी पाळलेल्या किड्यांत होते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

सुमारे दोन आठवड्यांनी अळी खाणे सोडून भटकू लागते, काटकीवर स्थिरावते आणि नारळावर चढणारा माणूस कमरेभोवती दोर घेतो तशी रेशमाचा एक धागा अंगाभोवती घेऊन कोश धारण करते. कोश भोवतालाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो. आठ-दहा दिवसांनी तो काळवंडून आतील पंखांची नक्षी दिसू लागली म्हणजे मुलास पहाटे उठविण्याची सोय करावी, कारण फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येते. चुरगळलेले पंख पसरून वाळेपर्यंत त्याला लोंबकळण्यास जागा लागते. त्यावेळी मदतीच्या भावनेनेही कोणी बोट लावू नये, अशी सक्त ताकीद द्यावी.

कधी कधी कोशातून फुलपाखरू निघत नाही. बारीकसे छिद्र पडते आणि गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले चिमुकले कीटक बाहेर येतात; त्यांच्या आईने अंडी कोशात घातलेली असतात व आतल्या जिवावरच त्यांचे पोषण झालेले असते. अशा वेळी पुष्कळ पालक बरणी लपवितात, हे मला अत्यंत अयोग्य वाटते. मूल रडले तर त्याला जवळ घ्यावे, रडू द्यावे, मग ते छिद्र दाखवावे, घडलेले सरळ शब्दांत सांगावे, आणि त्याची इच्छा असेल तर त्या कीटकांचे चित्रही दोऱ्यांच्या त्याच वहीत काढवून घ्यावे.