पळायला जागा मागू या

(लातूर येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी कायद्याबद्दल बोलणार नाही, पळण्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपण शेवटचं कधी धावलो, ते जरा आठवून बघा. एसटी पकडायला धावलो ते सोडून.

मी नांदेड जिल्ह्यातली. शाळेत खो-खो बरा खेळायचे. सातवीत पाळी आली आणि 'आता मोठी झालीस' म्हणून माझं मैदान बंद झालं. शाळेनंही का येत नाहीस म्हणून विचारलं नाही. आईला मी दोष देत नाही. तिचं मैदान तर त्याच्याही आधी सुटलं होतं. पुढे समाजकार्याचं शिक्षण घेऊन वस्त्यांत काम करू लागले, तेव्हा कळलं की ही घरोघरची गोष्ट आहे.

आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली येतात. १९९४ च्या राज्य महिला धोरणानं सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के आरक्षण आणलं. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलींसाठी ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. म्हणजे ३५ गुण पायांवर. बाराव्या वर्षानंतर न धावलेली एकोणीस वर्षांची मुलगी हे चार महिन्यांत कसं भरून काढणार? ती पहाटे अंधारात डांबरी सडकेवर ट्रक चुकवत पळते, नडग्या दुखवून घेते आणि स्वतःलाच कमी समजते. आरक्षण मिळालं, पण त्यासाठी लागणारे पाय आपणच आधी बांधून ठेवले होते.

कुणी म्हणतं, बाई दिवसभर राबते, तिला आणखी व्यायाम कशाला? राबण्यानं दम वाढतो, हे खरं. पण डोक्यावर हंडा घेतलेली बाई सावकाश आणि सरळच चालते. झटकन वळणं, थांबणं, पुन्हा सुटणं हे शरीराला वेगळं शिकवावं लागतं. आणि ते प्रत्येक वयात शिकवता येतं.

सहा ते दहा वर्षांच्या मुलींना शिवाशिवी, लंगडी, विषामृत भरपूर खेळू द्या. याच वयात डोळा, कान आणि पाय यांचा मेळ बसतो. शिट्टी नको, शिस्त नको.

अकरा ते पंधरा हे नाजूक वय. उंची भराभर वाढते, पाय अडखळतात. गुडघ्याच्या आतल्या दोरीची दुखापत खेळाडू मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आढळते. म्हणून उडी मारून उतरताना गुडघे वाकवायचे, आत झुकू द्यायचे नाहीत, हे आधी शिकवा. जमिनीवर फक्कीनं शिडी आखा आणि घराघरांत पावलं टाकायला लावा. पाळीत त्रास नसेल तर खेळायला हरकत नाही. फार थकत असेल तर रक्त तपासून घ्या.

सोळा ते पंचवीसच्या मुलींनी जोरात पळावं, पण पाच-सहा सेकंदच. मग मिनिट-दोन मिनिटं पूर्ण विसावा, मग पुन्हा. दमलेल्या पायांना वेग शिकता येत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस हे पुरतं. लांब पळण्याचा सराव वेगळ्या दिवशी.

आणि आपण, चाळिशीच्या पुढच्या? आपल्याला शर्यत जिंकायची नाही, मोरीत घसरल्यावर सावरायचं आहे. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, एक पडणं महागात पडतं. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहा. हात न टेकता खुर्चीवरून उठा. कडेला झटपट पावलं टाका. पंचमीचा फेर आपण धरतोच, तो वर्षभर धरा. गुडघे किंवा छाती दुखत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

हे सगळं आपल्याच भागात घडू शकतं. शेजारच्या उस्मानाबादची, आताच्या धाराशिवची, सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तोही आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून जिंकला. या खेळाला दोन खांब आणि मोकळी जमीन लागते, बाकी काही नाही.

पण ती जमीनच आपल्याकडे नाही! गावच्या मैदानावर संध्याकाळी कोण असतं? मुलं, मोटारसायकली, पत्त्यांचे डाव. म्हणून माझी मागणी साधी आहे. गावी परतल्यावर ग्रामसभेत एक ठराव मांडा: शाळेच्या मैदानावर रोज एक तास मुलींचा आणि बायकांचा. सोबत दिवा, पाणी आणि कडी लागणारं संडास. पहिल्या दिवशी मुलींना एकटं पाठवू नका. आपण स्वतः जा, पदर खोचा आणि शिवाशिवी खेळा.

लोक हसतील. हसू द्या. मोर्चाला निघालो तेव्हाही हसलेच होते.