आजीच्या आईचं गाव कोणतं?

डीएनए चाचणीसाठी थुंकीची नळी कुरिअरने पाठवायची आणि मग मोबाइलवर आपल्या पूर्वजांचा हिशेब टक्क्यांत वाचायचा, हे आता आपल्याकडेही सुरू झालंय. हिशेब आला की घरात प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे आपण मूळचे कुठले?’ आणि ‘आपण’ म्हणताना डोळ्यांपुढे असतं ते फक्त बापाकडचं घराणं. आईकडच्या पिढ्या कुणी मोजतच नाही. आज मला बोलायचंय ते त्यांच्याविषयी.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल घ्या. पूर्वी तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. घरात मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, ही त्यांची पिढीजात कथा. 2016 साली या समाजातल्या 18 जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेच्या यहुद्यांशी असलेलं नातं त्यात स्पष्ट दिसलं. पण तेवढंच ठळक दिसलं इथल्या लोकांशी असलेलं नातं. दोन्हींचा मेळ साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा. बाहेरचा वारसा जास्त करून पुरुषांकडून आलेला, इथला जास्त करून बायकांकडून. ज्यांचं कथेत नावही नाही, त्या पणज्या-खापरपणज्या अहवालातून घरी आल्या!

आपण दुधाला विरजण लावतो ना, तसं आहे हे. विरजण शेजारच्या काकूंकडून आणलं, हे घरात सगळ्यांना आठवतं. दूध कुणाच्या गाईचं, ते कुणी सांगत नाही. आणि भांडंभर असतं ते दूधच! पुन्हा त्याच दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला. रोज दूध नवं, नाव मात्र त्या पहिल्या विरजणाचं. आता लागलेल्या दह्यातून विरजण वेगळं काढून दाखवा, असं कुणी म्हणेल का?

पण माणसांनी तेही करून पाहिलं. याच समाजात गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल अशी फूट होती. ज्यांच्या आया इथल्या मानल्या गेल्या, ते काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही, एका पंगतीला बसणं नाही. पुढे मंडळी इस्राएलला गेली, तर 1962 च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा म्हणून फर्मान काढलं. लोक रस्त्यावर उतरले, आणि 1964 साली तिथल्या संसदेने हे सर्वार्थाने यहुदीच असल्याचा निर्वाळा दिला. बघा, आजीची चौकशी झाली ती संशयाने. मायेने कुणी केलीच नाही. आज डीएनए सांगतो की इथल्या आयांचा वारसा साऱ्या समाजात मुरलेला आहे. मग गोरा कोण आणि काळा कोण?

हे फक्त त्यांचं नाही, तुमचं-माझंही आहे. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या जागा होतात 1024. तुमचं आडनाव त्यातल्या एका जागेवरून येतं. एका! वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, तेही त्याच एका वाटेने. आपल्या वंशावळी पाहा: मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. सून कुठल्या गावची, याला रकानाच नाही. म्हणून सांगतो, ‘आपण कुठले’ याचं उत्तर आडनावात शोधू नका.



तेव्हा चाचणी खुशाल करा. त्याआधी एवढं करा: आजीजवळ बसा, तिचं माहेर विचारा, तिच्या आईचं माहेर विचारा, नावं विचारा आणि वहीत लिहा. अहवालात टक्के येतील. त्या बायकांची नावं त्यात येणार नाहीत. ती फक्त आजीला ठाऊक आहेत. आजच विचारा.